तिसऱ्या पुस्तकातला गुडघा

संपादकबाईंचं हॅलिफॅक्सहून एवढंच आलं :
"पान एकशे एक्केचाळीस. अँब्रोज धावतो कसा?"

खरंच की रे, अँब्रोज.
पहिल्या पुस्तकात पोस्टाच्या तीन पायऱ्या चढायला
तुला कठडा धरावा लागत होता.
दुसऱ्यात तू प्रेताशेजारी वाकलाच नाहीस,
शिपायाला म्हणालास, खिसे तूच बघ.
आणि आता ऐन हिवाळ्यात, निसरड्या धक्क्यावरून
कोवळ्या पोरासारखा सुटलायस
खुन्याच्या मागे. पाच पानं. एकदाही न लंगडता.

बोनाविस्टाच्या खेकड्यांच्या कारखान्यात मी वजनं लिहिते.
चारशे किलोमागे दोन किलो चुकले
तर बोटवाला टेबलावर मूठ आपटतो :
ऊना टिझर्ड, काटा बघ नीट!
आणि घरी येऊन मी अख्खा गुडघा गहाळ करते.

पाठकोऱ्या पावत्यांवर रोजचे शब्द मांडलेत.
फ्रिजच्या दारावर, चुंबकांखाली, सातही पुस्तकं :
कोण कधी मरतं, कोणाचं कोणाशी फाटतं,
पाचव्यात दीपगृहाचा राखणदार कबुली देतो
(त्याला पहिल्यातच बुडवून बसलेय, ते निस्तरायचंय),
सातव्याच्या चौकोनात नुसतं : समुद्र?

तुझ्या डोळ्यांचा रंग टिपून ठेवला होता.
होडीचं नाव, कुत्र्याचं वय,
तुझ्या बायकोचं माहेरचं आडनाव.
गुडघा टिपला नव्हता. गरजच नव्हती.
तो समोरच्या खुर्चीत असायचा,
स्टुलावर टेकवलेला, वर गोठलेल्या मटारची पिशवी.
लॉइडला कधी बोलले नाही, तुझा उजवा उसना घेतलाय म्हणून.
त्यानं वाचलं असावं. एकदा चहा ढवळताना म्हणाला,
"त्या इन्स्पेक्टरला सांग, जिना उतरताना दुखतं.
चढताना एवढं नाही."
तोवर पहिलं छापून झालं होतं.

एकशे एक्केचाळीसाव्या पानाची तारीख काढली.
नऊ फेब्रुवारी. त्याला जाऊन अकरा दिवस.
त्या दिवशीचा आकडा : दोन हजार तीनशे.
एवढे मी ना आधी कधी लिहिले, ना नंतर.

बाईंनी उपायही सुचवलाय,
दोन पुस्तकांच्या मधे शस्त्रक्रिया उरकून टाका,
एका ओळीत भागेल.
भागेल. सेंट जॉन्सला डॉक्टर चांगले आहेत.
लॉइडचा नंबर चौदा महिन्यांनी लागणार होता.

मे महिना. खाडीच्या तोंडाशी एक हिमनग
तीन दिवस तळाला टेकून बसलाय, हलत नाही.
रात्री दीडला केटल ठेवली
आणि ती पाच पानं उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली.
फेकली नाहीत.

आता तू धक्क्याच्या जिन्यापाशी थांबतोस.
उतरायच्या बारा पायऱ्या, वर बर्फ.
पहिल्याच पायरीवर बसतोस, दोन्ही हातांनी मांडी धरून.
खाली मोटारबोट खोकते, पेटते,
आणि खुनी जातो.

जातो म्हणजे जातोच.
हे फ्रिजवर नव्हतं.
तिसऱ्याच्या शेवटी तो सापडायचा होता.
चौथं अख्खं कोसळलं, पाचव्यातल्या कबुलीतली हवा गेली,
राखणदार बुडालेला तो बुडालेलाच राहिला, एक बरं झालं.
मी चुंबक काढत जाते,
कागद पायाशी पडत जातात,
आणि किती दिवसांनी
मला भूक लागते.

पावतीवर लिहिलं : आज वजा अकराशे.

सकाळी कामावर निघताना बाईंना कळवलं :
धावत नाही.
पुस्तकं आठ होतील.